व्हय म्हाराजा म्हणू नका

आमच्या पेडण्याकडच्या माणसाला झोपेतून उठवून कानात काहीही सांगा, शेवटी ‘म्हाराजा’ जोडलंत की तो डोळे न उघडता ‘व्हय म्हाराजा!’ म्हणणार. ती आमची खोड आहे. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण नारळ हातात घेऊन देवाला सांगत जातो, गावाचं सुख, गावाचं दुःख, कोणाची गुरं, कोणाची लेकरं, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी सगळा गाव एका तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तो सांगणारा काय सांगतोय ते ऐकतं कोण? आवाज खाली आला की आपण तोंड उघडायचं, एवढंच ठाऊक.

आमच्या गावात तो सांगणारा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरचा. आजो झाले, मग आमचे वडील, आबा, मग माझा थोरला भाऊ सगुण. मी त्याला दादा म्हणते. मी रुक्मिणी, त्याची एकुलती एक बहीण, लग्न होऊन डिचोलीत मुळगावला गेले. माझं तोंड जरा तिखट आहे हे आधीच सांगून ठेवते. वहिनी म्हणते, ‘रुक्माबाय बोलूक लागली की भांडी सुद्धा गप रवतत.’ रवूंदेत.

आमच्या घराण्यात बापाकडून मुलाला दोन गोष्टी येतात असं गाव म्हणायचा. एक गाऱ्हाणं, दुसरा विसर. आजो शेवटी शेवटी कुणाच्याही घरात शिरून पाटावर बसायचे आणि ‘वाढ गो’ म्हणायचे. लोक वाढायचे, हो, त्या काळी वाढायचे. पण मागून म्हणायचे, खाण तशी माती. मी खाणींच्या गावात नांदले, ही म्हण मला दोन्हीकडून ऐकावी लागली.

आता आबांचं सांगते, म्हणजे दादाचं कळेल.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची जत्रा. गावात दोन तट पडलेले. देवळाच्या सभामंडपावर पाटी मराठीत लावायची की कोकणीत, यावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नव्हते. गाऱ्हाण्याला मात्र कोणी विचारलं नाही की बाबा तू कुठल्या भाषेतलं. आबा उभे राहिले की दोन्ही तट गपगुमान हात जोडून उभे. मी माहेरी आले होते, बायकांच्या रांगेत पुढेच होते.

आबांनी सुरुवात ठणठणीत केली. मग गुरांच्या राखणीचं आलं आणि आबा म्हणाले, “बा देवा, माझी मोगरी म्हस तीन दिस पाणी पिवक नाय, तिका बरी कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

मोगरी म्हैस माझ्या लग्नाच्या वर्षी मेली होती. तिला पुरायला दादा स्वतः गेला होता. मी बघितलं, पुढच्या रांगेत दादाचे कान लाल झाले होते. बाकी कोणाच्या डोक्यात काही शिरलंच नाही. आबा पुढे गेले, वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, सोडूनच गेले. तरी ‘व्हय म्हाराजा’. मेलेली म्हैस बरी झाली, जिता राखणदार उपाशी राहिला, आणि सगळे आनंदाने घरी जेवायला गेले!

त्या रात्री दादा जेवला नाही. मी म्हटलं, “अरे, आबांका सांग, आता पुरे म्हणान.”

“कसां सांगू? तेंका वाटता ते बरोबरच सांगतत.”

विसराचं हेच तर कपट आहे. आपण विसरतो हेच माणूस आधी विसरतो.

दादा सांगू शकला नाही, गावाने सांगितलं नाही, आणि पुढल्या जत्रेला व्हायचं ते झालं. आबा नारळ घेऊन उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. मिशीखालचे ओठ नुसते हलत होते. शेवटी दादा पुढे झाला, आबांच्या हातून नारळ घ्यायला गेला. आबा सोडीनात. “माझो नारळ! माझो नारळ सोड!” म्हणून ओरडायला लागले. सगळ्या गावासमोर बाप नि मुलगा नारळ ओढतायत! नारळ निसटला, पायरीवर आपटून फुटला, पाणी पायांवरून गेलं. देवासमोर न ठेवताच नारळ फुटला. आबा ते पाणी बघत लहान पोरासारखे रडले.

दादाने दुसरा नारळ मागवला, गाऱ्हाणं घातलं, अथपासून इतीपर्यंत, एक राखणदार न सोडता. त्यानंतर सभामंडपाच्या मागे, विहिरीपाशी, पाय धुताना मला म्हणाला, “रुक्मे, माझ्या हातातलो नारळ कोणी ओढून घेवचो नाय. माझी येळ इली की मी माझ्या हातान दितलंय. ह्यां देवाक सांगलंय, आता तुका सांगतंय.”

मी म्हटलं, “येळ इली ह्यां तुका कळतलां कसां?”

त्याने पायांवर आणखी एक तांब्या ओतला. पण त्या दिवसापासून माझ्या भावाने आयुष्यभर तेवढी एकच काळजी केली.

दादा वीज खात्यात लाईनमन होता. पेडण्यातला एकेक खांब त्याने चढलेला. वादळात झाड पडून वीज गेली की लोक ‘सगुण खंय?’ म्हणून आधी त्याच्या घरी. धिप्पाड माणूस, बोलणं कमी. खांबावर चढता चढता गाऱ्हाणं म्हणायचा. खाली उभे असलेले साथीदार चेष्टेने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे आणि वरून तो खरंच रागवायचा. “ऐकलंस काय? काय म्हणालंय मी? सांग!” साथीदार गप. दादा म्हणायचा, ऐकत नसशील तर म्हणू नकोस.

पन्नाशी उलटली तशी त्याची भीती वाढली. ब्राह्मीची पानं खा, अक्रोड खा, सकाळी उठल्या उठल्या गाऱ्हाणं म्हण. एखादं नाव जिभेवर यायला उशीर झाला की तोंड उतरायचं. वहिनी, म्हणजे विनोदिनी, एकदा वैतागून म्हणाली, “अहो, कुलेर खंय ठेवली ती माका सुद्धा आठवणा नाय. चमचो हरवलो म्हणान कोण पिसो होणा नाय!” तो हसला, पण मनातून नाही.

आणखी एक घोर होता. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, क्षमा. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या विभागात कामाला, हुशार, लग्न होऊन घराच्या जवळच राहिलेली. पण गाऱ्हाणं मुलीने घालायचं? गावात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दादाच्याही नाही. एक चुलत पुतण्या वास्कोला होता. त्याला गावाच्या देवाचं नाव विचारा, मोबाईल बघून सांगेल.

“लिहून ठेव ना,” मी म्हणायचे. “नाहीतर रेकॉर्ड कर.”

“देवासमोर कागद वाचून दाखवतात ते सरकारी लोक,” दादा म्हणायचा. “गाऱ्हाणां आतून येवक व्हयां.”

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दादा स्कूटरवरून बाजारात गेला नि चालत घरी आला. वहिनीने विचारलं स्कूटर कुठे, तर म्हणाला, “खंयची स्कूटर?” मग स्वतःच थबकला. उंबऱ्यावर बसला. वहिनीने मला फोन केला, मी मिळेल ती बस पकडून आले. वाटलं, हा आता मोडून पडला असणार. कसला मोडतोय! डोळे कोरडे, आवाज कोरडा. “रुक्मे, इली येळ,” म्हणाला. “अजून माका कळता तेच्यातच सगळां करूक व्हयां. चल, डॉक्टराकडे जावया.”

मी म्हटलं, “हात दाखवून अवलक्षण कित्याक? म्हातारपणी सगळेच विसरतत.”

“आबा असेच म्हणायचे,” दादा म्हणाला. मी चपला पायात सरकवल्या.

मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलणं गोड नि सरळ. तिने दादाला चित्रं दाखवली, शब्द सांगून परत विचारले, घड्याळ काढायला लावलं. मेंदूचा फोटो काढला. रक्त घेतलं. आजोंचं, आबांचं सगळं विचारलं. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुमचं रक्त तपासायचं का? सक्ती नाही. जे कळेल ते ऐकायची तयारी असेल तरच.”

मला राग आला. मी काय आजारी होते? पण दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्यापुढे भित्री ठरायची माझी तयारी नव्हती. बाही वर केली.

निकाल ऐकायला पुन्हा गेलो तेव्हा क्षमा सोबत होती. डॉक्टरणीने फोटो उजेडावर धरला. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर, करंगळीएवढा एक भाग असतो. नवी आठवण आधी तिथे धरली जाते. दादाचा तो भाग वयाच्या मानाने जास्त आकसला होता. उन्हात घातलेली कोकमाची सोलं सुकून आकसतात तसा. विसर सुरू झालाय, पण अजून सुरुवात आहे, असं ती म्हणाली. मग रक्ताचं सांगितलं. आईबापाकडून जी जनुकं येतात, त्यातल्या एकाचा एक प्रकार असतो. तो ज्यांच्यात असतो त्यांना म्हातारपणी विसराचा धोका जास्त. तो प्रकार एका भावंडात मिळाला, एकात नाही.

“बाबांमध्ये मिळाला ना?” क्षमाने विचारलं.

“नाही. आत्यामध्ये.”

अगो बाय! म्हणजे माझ्यात, जिला शेजारणीने वीस वर्षांपूर्वी मारलेला टोमणा शब्दाशब्दासकट आठवतो, तिच्यात तो विसराचा गुण! आणि जो स्कूटर विसरला त्याच्यात नाही!

“हे काय त्रांगडं?” मी म्हटलं.

डॉक्टरीण म्हणाली, “तो प्रकार असला म्हणजे विसर होणारच असं नाही, नसला म्हणजे होणारच नाही असंही नाही. दुसरी जनुकं असतात, काही अजून आम्हालाच नीट कळलेली नाहीत. रक्तदाब, साखर, ऐकू कमी येणं, हेही सगळं त्यात येतं. घराण्यातून येतो तो कल. निकाल येत नाही.” मग दादाकडे बघून म्हणाली, “आणि लोक समजतात तसं ते फक्त बापाकडून मुलाकडे जात नाही. मुलगा असो, मुलगी असो, दोघांना सारखंच मिळू शकतं.”

येताना गाडीत मी भडाभडा रडले. आधी माझ्यासाठी रडले, खोटं कशाला बोलू. मग दादासाठी. क्षमाला डॉक्टरणीने विचारलं होतं, तुझंही रक्त तपासायचं का. ती म्हणाली होती, “आत्ता नको.” दादा खिडकीतून बाहेरचे खांब बघत बसला होता. धारगळ मागे पडलं तसा एकदम म्हणाला, “क्षमा, विसर जर चेडवाक लागता, तर गाऱ्हाणां कित्याक लागूचां नाय?”

क्षमाला कळेना काय म्हणतोय ते. मला कळलं, चेडू म्हणजे लेक, म्हणजे तीच. माझं रडू जागच्या जागी थांबलं.

पुढल्याच रविवारी दादा मानकऱ्यांच्या बैठकीत उभा राहिला. मी मुद्दाम राहिले होते, बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले. दादाने आडपडदा ठेवला नाही. “माझ्यात विसर सुरू झालो आसा. डॉक्टरान फोटो काढून दाखवलो. येत्या जत्रेक मी गाऱ्हाणां घालतलंय. पण एक मागतंय. मी जर चुकलंय, कोणाक सोडलंय, तर व्हय म्हाराजा म्हणू नकात. गप रवा. मग मी नारळ क्षमाच्या हातात दितलंय. तेच्या फुडे ती.”

मानकऱ्यांच्या माना थोरल्यांकडे वळल्या.

थोरले मानकरी कृष्णनाथ. माणूस वाईट नाही, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशातला. ते म्हणाले, “सगुण, देवासमोर गप रवाचां? आजवर कोणी केलां नाय तां! आणि बाईमाणूस गाऱ्हाणां घालतलां?”

“कित्याक नाय?” मी बसल्या जागेवरून ओरडले. “देवाक बाईमाणसाचो आवाज ऐकू येणा नाय काय?”

“तुझो तर मुळगावातसून ऐकू येता, रुक्मे. गप रव.”

लोक हसले. दादा हसला नाही. म्हणाला, “कृष्णनाथा, आबांनी मेलेल्या म्हशीसाठी मागलां, तेव्हा तू पुढेच होतस. तू काय म्हणालंस?”

कृष्णनाथांनी मान खाली घातली.

“तू व्हय म्हणालंस. सगळे व्हय म्हणाले. कोणी एक जण गप रवलो असतो तर माझ्या बापाचो नारळ फुटूचो नाय होतो. आमच्या घराण्यातलो विसर पोरगो-पोरगी बघून येणा नाय. मग मान कित्याक बघता?”

कृष्णनाथ एवढंच म्हणाले, “जत्रेक बघूया. देव सांगतलो.” हो नाही आणि नाहीही नाही. पण दादाला तेवढं पुरलं.

मग सुरू झाली शिकवणी. दादाने कागद दिला नाही तो नाहीच. क्षमा सकाळी कामावर निघायची तेव्हा स्कूटरच्या मागे बसून तुयेपर्यंत जायचा, वाटेत सांगायचा, बसने परत यायचा. ती हेल्मेटमधून म्हणायची, चुकली की तो पाठीवर थोपटायचा. काही दिवशी तोच चुकायचा. एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचा. एकदा चिडून तिला म्हणाला, “तू कोण? माझां गाऱ्हाणां तू कित्याक म्हणतंस?” ती कारखान्याच्या फाटकात स्कूटर लावून मुसमुसली, आणि डोळे पुसून कामावर गेली. संध्याकाळी परत बापासमोर हजर. मी फोनवर म्हटलं, “बाय, पुरे कर.” तर म्हणाली, “आते, तेंका देवचां आसा आणि माका घेवचां आसा. मधे पडू नको.” माझीच भाची, म्हटलं, घराण्याचा हट्टही रक्तातूनच येत असणार. डॉक्टरणीला विचारायला हवं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दादाने तिला एकच ताकीद दिली. “माझ्या बाजूक उभी रव. पण नारळाक हात लावू नको. काय झालां तरी लावू नको. मी दितलंय.”

जत्रेचा दिवस. ऊन चढलेलं, ढोल थांबले, आणि दादा नारळ घेऊन उभा राहिला. नवं धोतर, खांद्यावर शेला. शेजारी क्षमा, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. इतकी माणसं मी त्या सभामंडपात कधी बघितली नव्हती. मुंबईचेही आले होते. आणि तुम्हाला सांगते, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमचा गाव गाऱ्हाणं ऐकत होता. एकेक शब्द. सांगणारा काय म्हणतोय ते ऐकून मग, विचार करून, ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. आवाज दर वेळी थोडा उशिरा यायचा.

दादाचा आवाज खणखणीत होता. मूळपुरुष झाला, ग्रामदेवता झाली, वाड्यावाड्यांची नावं झाली. मला वाटलं, निघतोय हा. काही होत नाही याला! मी मनातल्या मनात राखणदाराला म्हटलं, बाबा रे, तू तेवढा आठव त्याला.

दादा गुरांकडे आला. “गुरां-ढोरां, गायी-म्हशी, सगळ्यांका सुखी ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

मग यायचा वेशीवरचा राखणदार. दादा म्हणाला, “लेकरां-बाळां, माहेरवाशिणी, सगळ्यांका उदंड आयुष्य दी, म्हाराजा!”

राखणदार सुटला.

कोणी बोललं नाही.

तुम्हाला सांगून समजायचं नाही, ते गप राहणं किती कठीण होतं. पिढ्यान्‌पिढ्या जीभ वळायची सवय. माझ्याच घशापर्यंत ‘व्हय’ आला होता, मी पदर तोंडात कोंबला. पुढे कृष्णनाथांनी ओठ असे आवळले होते की मिशी थरथरत होती. दादा थांबला होता. मग चढ्या आवाजात पुन्हा म्हणाला, “उदंड आयुष्य दी, म्हाराजा!”

गप्प.

“म्हणा की रे!” दादा ओरडला. “कित्याक गप? म्हणा!”

तो आपलीच अट विसरला होता. नारळ त्याने छातीशी घट्ट धरला, अगदी आबांसारखा, बोटं पांढरी पडली. मी बघते तर आबाच उभे. वहिनीने माझा दंड इतका दाबला की वळ उठले. सगळ्यांचे डोळे क्षमावर. आता ही हात पुढे करणार, नारळ ओढणार, आणि परत तेच. कर ना काहीतरी, मी मनात ओरडत होते, धर तो नारळ!

क्षमाने धरला नाही. बापाकडे तोंड करून नुसती उभी राहिली. हात पाठीमागे, गालांवरून पाणी वाहतंय, पण हात पाठीमागेच. त्याने सांगितलं होतं ना, लावू नको म्हणून.

दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिच्या खांद्यांवरून नजर खाली गेली, पाठीमागे घेतलेल्या दंडांकडे. तिथे नजर थांबली. कुठेतरी आत काहीतरी जुळलं असणार. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. गावाकडे वळला आणि साध्या आवाजात, जेवताना मीठ मागावं तसं, विचारलं, “चुकलंय मी?”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

असा आवाज त्या देवळाने ऐकला नसेल. त्यात रडू होतं, माया होती, आणि मुख्य म्हणजे ते खरं होतं. दादाने नारळ कपाळाला लावला, आणि म्हणाला, “घे, बाय.” तेव्हा क्षमाने हात पुढे केले. त्याने स्वतः तिच्या ओंजळीत ठेवला, वरून आपला तळवा दाबला, आणि दोन पावलं मागे सरकला.

क्षमाने देवाकडे तोंड केलं. मग म्हणाली, “वेशीवरच्या राखणदारा, तुका इसारलंव, चूक पदरात घे, गावाची राखण कर, म्हाराजा!”

पुन्हा गप्प. या वेळचं गप्प राहणं वेगळं होतं. सगळे कृष्णनाथांकडे बघत होते. म्हाताऱ्याने डोळे मिटले, आणि राखणदाराला ऐकू जाईल अशा आवाजात एकट्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा!” मग काय, मागून सभामंडप दणाणला.

माझा भाऊ जिंकला. मी असंच म्हणते. कुणी म्हणेल आजार का जिंकता येतो, नाही येत. पण आजाराने नारळ घ्यायच्या आत त्याने तो दिला, आणि बापाचं जे फुटलं होतं ते ह्याच्या हातून फुटलं नाही.

पुढल्या वर्षापर्यंत दादा बराच खाली उतरला. वहिनीला ओळखतो, क्षमाला कधी ओळखतो कधी ‘ती कारखान्यातली चेडू’ म्हणतो. मला मात्र ‘रुक्मे’ म्हणतो, बहुतेक माझ्या आवाजाला भिऊन. जत्रेला त्याला नेऊ की नको यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, नेतलंय. पुरुषांच्या रांगेत पुढे खुर्ची टाकली, आणि मी जन्मात पहिल्यांदा बायकांची रांग सोडून त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याचा हात माझ्या हातात. कोणी काही बोललं नाही. बोलून बघायचं होतं!

क्षमा सुरेख म्हणत होती. गावाचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा झटपट यायला लागला होता, सवयीचा. एक वर्ष काय लक्ष दिलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. दादा प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता, ठाशीव. मध्येच क्षमाने वाड्यांची नावं घेतली आणि घाईत एक वाडा तिच्याकडून सुटला. माझ्याही ध्यानात आलं नाही. सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. मीही म्हणाले.

दादा गप्प होता.

मी खाली बघितलं. तो क्षमाकडे बघत मान हलवत होता, नाही, नाही. क्षमाची नजर देवावर कमी आणि बापावर जास्त असते. तिने बघितलं, थांबली, मनात मोजलं, आणि मागे जाऊन सुटलेला वाडा घेतला. “तेंची राखण कर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” दादा म्हणाला, सगळ्यांच्या आधी.

बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, “रुक्मे, ती पोरगी कोणाची गो? बरां म्हणता.”

“तुझी,” मी म्हटलं.

“माझी?” तो हसला. “मग बरोबर.”

आता मी दर आठवड्याला मुळगावहून येते. क्षमा म्हणते आणि मी ऐकते, नीट ऐकते. माझ्यात तो गुण आहे, कल आहे, निकाल नाही, हे मला पाठ झालंय. असेना का. दादा आहे तोवर क्षमा चुकल्यावर गप राहायचं काम त्याचं. त्याच्यानंतर ते काम मी मागून घेतलंय.